स्वागताध्यक्षीय भाषण : आसरा आणि हक्क

सन्माननीय अध्यक्ष महोदय, उद्घाटक, मान्यवर, प्रतिनिधी आणि माझ्या कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो,

स्थलांतरितांच्या मानवी हक्कांवरील या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. अंबाबाईच्या आणि राजर्षी शाहू महाराजांच्या या नगरीला हा विषय नवा नाही.

इथून जवळच वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली सुमारे 5 हजार पोलिश माणसे, बहुतेक बायका-मुले, 1943 ते 1948 या काळात तिथे राहिली. बराकी, शाळा, दवाखाना, चर्च असे गावच वसले. पोलिश लोक गेले आणि फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे त्याच बराकींत आली. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या गांधीनगरला जातो, ते या निर्वासितांच्या कष्टातून उभे राहिले.

निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 1951 चा. वळिवड्यात त्याआधी माणुसकीवर निभावले. पण उद्या यजमानाची मर्जी फिरली, तर आश्रिताने दाद कुठे मागायची? यासाठीच कायदा हवा. भारत या करारात नाही आणि स्थलांतरित कामगारांच्या 1990 च्या करारातही नाही. तरीही चकमा निर्वासितांच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की राज्यघटनेच्या कलम 21 चे संरक्षण परदेशी माणसालाही आहे.

मग आपल्याच माणसांचे काय? गळीत हंगामात बीडकडच्या टोळ्या आपल्या फडांत उतरतात. डोक्यावर मुकादमाची उचल, राहायला पाचटाची कोपी. पहाटेच्या थंडीत आई मोळी बांधते, लेकरू बांधावर झोपलेले असते. 1990 चा करार देशाची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी, आपला 1979 चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. जिल्ह्याची वेस ओलांडून आलेला हा मजूर दोन्हींत बसला नाही. 1948 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा मात्र त्यालाही लागू आहे.

मजुरांची नोंदणी, उचलीचा लेखी हिशेब, हंगामभर मुलांना शाळा आणि बायकांना दवाखाना, एवढे तरी आपल्या ठरावांत यावे, ही माझी आग्रहाची विनंती. साखरेच्या या जिल्ह्याने त्याची अंमलबजावणी स्वतःपासून सुरू करावी.

पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत. जय हिंद, जय महाराष्ट्र!