हिशेबनीस बारू
(मंडळाच्या वाचक मेळाव्यातील भाषण)



बँकेतला माणूस कादंबरीवर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. पण आजच्या कादंबरीची नायिकाच हिशेबनीस आहे! सेथ डिकिन्सन या अमेरिकन लेखकाची 'द ट्रेटर बारू कॉर्मोरंट' ही इंग्रजी कादंबरी 2015 साली आली. जग काल्पनिक, पण त्यात जादूटोणा नाही, राक्षस नाहीत. आहेत ते कर, कर्ज आणि चलन.

बारू तारानोके बेटावर वाढते. घरात एक आई आणि दोन वडील. तिथली रीतच तशी. फाल्क्रेस्टचं साम्राज्य बेटावर येतं ते व्यापारी म्हणून. आधी कागदी नोट, मग करार, मग शाळा. शाळेत शिकवतात की तुमच्या घरची रीत हा गुन्हा आहे. दोन वडिलांपैकी एक नाहीसा होतो. शेवटी बेटाचं नावही बदलतं.

बारू मनाशी ठरवते, यांचीच परीक्षा द्यायची, वर चढायचं आणि सत्ता हातात आली की बेट सोडवायचं. नेमणूक मात्र होते ती ऑर्डविन नावाच्या दूरच्या, अशांत प्रांतात, मुख्य हिशेबनीस म्हणून. तिथे बंड शिजतंय हे तिला वह्या चाळताना कळतं. ताइन हू ही तिथली मानी जहागीरदारीण. तिच्या माणसांनी खोट्या नोटांवर बंडाचा खर्च उभा करायचा बेत केलेला असतो. बारू शिपाई पाठवत नाही. ती सरकारी नोटाच इतक्या छापते की खरी काय नि खोटी काय, दोन्ही मातीमोल होतात. बंड फसतं. तलवारीच्या दहा लढायांपेक्षा हे प्रकरण मला जास्त थरारक वाटलं. अर्थात, ज्या गरिबाने चार नोटा गाठीला बांधल्या होत्या, त्याचं काय झालं असेल, हेही माझ्यासारख्याच्या मनात येतंच.

पुढे तीच बारू बंडखोरांना जाऊन मिळते, आणि ताइन हूवर तिचा जीव जडतो. साम्राज्यात तोही गुन्हाच. शेवट सांगत नाही, पण नावातच 'ट्रेटर' आहे, म्हणजे फितूर. कुणाशी फितूर, हा खरा प्रश्न.

अशा नायिकेला आपण कणखर म्हणतो. बारू कणखर आहेच. पण तिच्या प्रत्येक निश्चयाची रक्कम दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर नावे पडते, आणि हे तिला पक्कं ठाऊक असतं. लेखक तिला माफ करत नाही, हे मला आवडलं.

सीमाभागात परक्या भाषेतला सरकारी अर्ज भरणाऱ्याला ही शाळा ओळखीची वाटेल. तुलना फार ताणू नये. आपण मतदार आहोत, बारूच्या बेटाला मत नव्हतं. पण 'आत शिरून बदल घडवू' म्हणत नोकरीच्या परीक्षा देणारी मुलं आपल्या घराघरांत आहेत. त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं, आणि आईवडिलांनीही.

पुढचे दोन भाग 2018 आणि 2020 साली आले. पहिल्याने ज्याची झोप उडेल, त्यानेच ते हाती घ्यावेत.