ऑपरेशननंतरची पाळी, आणि पिशवीचा धंदा

(वनदाव्यांच्या धरण्यात दुसऱ्या दिवशी दुपारी विभागीय आयुक्त कार्यालयासमोर बायांची वेगळी बैठक झाली. तिथं आपल्या एका कार्यकर्तीनं केलेलं हे भाषण. ज्या गावांतल्या बायांना येता आलं नाही त्यांनी मागितलं म्हणून लिहून काढलं आहे. गावात मोठ्यानं वाचून दाखवावं.)



दादांनो, विषय बायांचा आहे म्हणून उठून चहाला जाऊ नका. ऑपरेशनच्या कागदावर सही तुमची घेतात, उचल तुमच्या नावावर चढते. म्हणून तुम्हीबी ऐका.

काल रात्री इथं मंडपात झोपलो होतो तेव्हा सोयगावकडच्या एका वहिनीनं मला हळूच विचारलं, "ताई, पोटाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, तवापासून पाळीचा काही मेळच नाही. हे बरं का वाईट?" तिच्या शेजारची म्हणाली, माझंबी तसंच. मग तिसरी उठून बसली. म्हणून आज जमिनीचं बोलायच्या आधी हे बोलते.

आधी माझंच सांगते, म्हणजे तुम्हाला लाज वाटणार नाही. मी बारावीला असताना माझं अपेंडिक्स फुटलं. गावातून जीपनं खाली आणलं, रात्रीच ऑपरेशन झालं. टाके निघाले, घरी आले, आणि पाळी आलीच नाही. एक महिना गेला, दीड महिना गेला. आई काही बोलेना, पण माझ्याकडं बघायची. गल्लीत कुजबुज सुरू झाली की पोरगी तालुक्याला शिकायला राहती, काय केलं असंल. पोटावर टाके असलेली पोरगी मी, आणि मला शपथा घ्यायला लावल्या. नऊ आठवड्यांनी पाळी आली. इतकी जोरात आली की मी घाबरून रडले. त्याच्या पुढच्या महिन्यापासून सगळं पहिल्यासारखं. तेव्हा कुणी दोन वाक्यं समजावून सांगितली असती तर ते दोन महिने मी असे काढले नसते.

ती दोन वाक्यं आता मी सांगते. पाळी नुसती पिशवीतून येत नाही. तिचा हुकूम डोक्यातून सुटतो. डोकं हुकूम देतं, मग पिशवीच्या दोन बाजूंना ज्या दोन बीजाच्या गाठी असतात, डॉक्टर त्यांना अंडाशय म्हणतात, त्यातून बीज सुटतं. बीज सुटल्यावर साधारण चौदा दिवसांनी पाळी येते. याला आपली पेरणी आणि काढणी समजा. मोठं ऑपरेशन म्हणजे अंगावर आलेलं संकट. भूल, रक्त जाणं, चार दिवस पोटात अन्न नाही, दुखणं, भीती. अशा वेळी डोकं म्हणतं, आधी जीव वाचवू, पेरणी नंतर बघू. पेरणी लांबली की काढणी लांबणारच. ज्या बाईचं ऑपरेशन बीज सुटायच्या आधी झालं तिची पाळी लांबते. जिचं नंतर झालं तिची बहुतेक वेळेवर येते. कुणाला मधेच डाग दिसतो. आणि पाळी लांबते तेव्हा पिशवीच्या आतलं अस्तर साठत राहतं, म्हणून उशिरा आलेली पाळी जोरात येते. अपेंडिक्स असो, पित्ताचे खडे असो, मोडलेल्या मांडीत सळई टाकलेली असो, हे कुठल्याबी मोठ्या ऑपरेशननंतर होऊ शकतं. एक-दोन पाळ्यांत, फार तर तिसऱ्या पाळीपर्यंत गाडी रुळावर येते.

पण तीन महिने झाले आणि पाळी नाही, तर दवाखान्यात जायचं. त्याच्या आधी दिवस गेलेत का ते बघून घ्यायचं, लघवीची पट्टी आशाताईकडं असते. तासाला एक कापड किंवा पॅड भिजतंय, असं दोन तास चाललं, गाठी पडतायत, चक्कर येतीय, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन. ताप आला, घाण वास सुटला, पोट दगडासारखं झालं तरी तसंच. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरला तो कागद दाखवायचा. आपल्या भिल्ल वस्त्यांत ही गोष्ट लपवून ठेवतात, लग्न मोडंल म्हणून. भुलेच्या टेबलावर लपवलेलं अंगाशी येतं.

आता कुटुंबनियोजनाचं. इथं हात वर केले तर निम्म्या बाया निघतील, बाविशी-तेविशीतच झालेल्या. त्यात फक्त नळ्या बांधतात. पिशवी जागेवर, बीजाच्या गाठी जागेवर. पाळी येत राहते आणि आलीच पाहिजे. "नसबंदीनं रक्त आत साठतं" हे खोटं आहे. ज्या बाया आधी पाळणा लांबवायच्या गोळ्या खायच्या त्यांना फरक वाटतो, कारण गोळीनं पाळी हलकी झालेली असते आणि गोळी सुटली की मूळची पाळी परत येते. सिझरच्या बायांचं वेगळं. बाळ अंगावर पितंय तोवर पाळी महिनोन्महिने येत नाही. पण लक्षात ठेवा, पाळी यायच्या आधीच बीज सुटतं, म्हणजे पाळी न येताबी दिवस राहू शकतात. काही सिझर झालेल्या बायांना पाळी संपल्यावरबी तीन-चार दिवस तपकिरी डाग जातो. पिशवीवरच्या जुन्या टाक्याच्या खाचेत रक्त अडकतं आणि हळूहळू बाहेर येतं. एकदा दाखवून घ्यावं, पण त्यासाठी कुणी "पिशवीच काढा" म्हणालं तर उठून घरी या.

आता त्या पिशवीवरच येते.

आपल्या शेजारचा बीड जिल्हा. तिथल्या ऊसतोड बायांचं २०१९ साली पेपरात आलं, देशभर गाजलं. त्याच वर्षी जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशाच्या पाहणीत हाच आकडा शंभरात तीनच्या आसपास आहे. बीडच्या बायांच्या पोटात काही वेगळी पिशवी असते का? नाही. वेगळा आहे तो कोयता. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. एकानं खाडा केला तर मुकादम दंड कापतो, पाचशे रुपये, मजुरीपेक्षा जास्त. पहाटे चारला फडात जायचं, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, कोपीत न्हाणी नाही, पाणी नाही, पाळीचं कापड धुवायला आणि वाळवायला जागा नाही. त्यातून जंतू होतात, अंगावर पांढरं जातं, कंबर दुखती. गोळ्यांच्या कोर्सनं बरं होणारं दुखणं. पण खाजगीत गेलं की सोनोग्राफी होते आणि एकच वाक्य ऐकू येतं: "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल."

हे वाक्य मी माझ्या मावशीच्या घरी ऐकलंय. गौताळ्याच्या कडेची वस्ती, आपल्यातलीच. दरसाल पश्चिमेला ऊसतोडीला जायचे. मावशी सत्तावीस वर्षांची, दोन लेकरं झालेली. पांढरं जात होतं. एका खाजगी दवाखान्यात नेलं, आठ दिवसांत पिशवी काढली. पस्तीस हजार. पैसे मुकादमानं दिले, तो कसा नाही म्हणेल? बाई खाडा करणार नाही आणि कोयता दोन वर्षं बांधला गेला. महिन्याच्या आत मावशी मोळी उचलायला लागली. डॉक्टर सांगतात की असल्या ऑपरेशननंतर सहा आठवडे तरी जड उचलायचं नाही.

पुढचं नीट ऐका. पिशवी काढली की पाळी त्याच दिवसापासून बंद. ती परत येत नाही. सुरवातीचे काही आठवडे थोडा डाग जातो, तेवढंच. पण बीजाच्या दोन गाठी आत ठेवल्या असतील तर अंगातलं बाईपण, म्हणजे हाडं धरून ठेवणारा, झोप आणणारा रस, चालू राहतो. पाळी न येताबी महिन्याचं छाती दुखणं, चिडचिड जाणवू शकते. तरीबी तो रस नेहमीपेक्षा एक-दोन वर्षं लवकर आटू शकतो. गाठीबी काढल्या असतील तर तो एका दिवसात आटतो. जे पंचेचाळिशी-पन्नाशीत हळूहळू व्हायचं ते सत्ताविसाव्या वर्षी एकदम. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं गोधडी भिजते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचाबी धोका वाढतो. मावशीला कुणी सांगितलंच नव्हतं की काय काय काढलं. मी डिस्चार्ज कार्ड वाचलं तेव्हा कळलं, दोन्ही गाठी काढल्यात. ऑपरेशनला सहा वर्षं झाली होती. तोवर तिला वाटत होतं की आपल्याला कुणी करणी केली.

आणि त्याच दोन वर्षांत, कोयता फेडताना, मोजणीला पथक आलं. काकांच्या वनदाव्याच्या फाईलवर शेरा पडला: अर्जदार गैरहजर. दावा अजून लोंबकळतोय, त्यासाठीच काका इथं मागं बसलेत. म्हणून मी म्हणते, पिशवीचा आणि पट्ट्याचा प्रश्न एकाच खुंटीला बांधलाय. प्लॉटवर आपलं नाव असतं, विहीर असती, तर थंडीत मुकादमाच्या मागं जावं लागलं नसतं. आणि २००६ च्या कायद्याचं कलम ४ पोटकलम ४ सांगतं की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. तुमच्या घरी कागद आला असेल तर आज गेल्यावर बघा, बायकोचं नाव आहे का.

मी ऑपरेशनच्या विरोधात नाही, असा अर्थ काढू नका. कॅन्सर निघाला, मोठी गाठ आहे, औषधानं रक्त थांबतच नाही, अंग बाहेर येतंय, तर पिशवी काढावी लागते आणि त्यानं जीव वाचतो. पण पांढरं जातंय म्हणून नाही, कंबर दुखती म्हणून नाही, "आता मूल नको ना, मग कशाला ठेवायची" म्हणून तर अजिबात नाही. कुणी काढा म्हणालं की घाईत सही करू नका. सोनोग्राफीचा कागद घेऊन घाटीत या, स्त्रीरोग विभागात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. विचारा: आधी औषध का नाही? गाठी ठेवणार का काढणार? काढलेली पिशवी तपासणीला जाते, तिचा रिपोर्ट मागून घ्या. बीडच्या प्रकरणानंतर तिथं खाजगी दवाखान्याला जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यायला लावली. सुप्रीम कोर्टानंबी एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की विनाकारण पिशव्या काढणं रोखायचे नियम तीन महिन्यांत लागू करा. ते प्रकरण राजस्थान, बिहार, छत्तीसगडच्या गरीब बायांचं होतं. म्हणजे हे आपल्या एकट्याचं नाही.

एक काम करायचं ठरवू. दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघायच्या आत, प्रत्येक वस्तीवर एका बाईनं वही करायची. कुणाचं कुठलं ऑपरेशन झालं, किती वय होतं, किती पैसे गेले, ते कुणी दिले, गाठी ठेवल्या का काढल्या. नाव लिहायचं नाही, घराला आकडा द्यायचा. डिस्चार्ज कार्ड सापडलं तर त्याची झेरॉक्स. वाचता येत नसेल तर मला किंवा आशाताईला दाखवा. ग्रामसभेत ठराव घ्यायचा की जाण्याआधी आणि परतल्यावर बायांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रानं करावी, रक्ताची पण, आणि टोळी गेलेली असताना मोजणी ठेवू नये. दोन्ही एकाच ठरावात लिहा, वेगळं करू नका.

सोयगावच्या वहिनी, तुमचं कार्ड मी सकाळी वाचलं. पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन होतं, खड्यांचं. ती पिशवी वेगळी, पाळीची वेगळी. तुमची जागेवर आहे. पण तीन महिने झालेत, म्हणून उद्या सकाळी आठला आपण दोघी घाटीत जाऊ, केसपेपर मी काढते. अजून कुणाला यायचं असेल तर रात्री जेवणाच्या वेळी मला सांगा. आता निवेदन वाचायचंय, काकांना माईक देते.