बाप्तिस्म्याचा दाखला



मी सेमिनरीत शिकतो. पाळक होणार. सकाळी उपासना, मग ग्रीक व्याकरण, आणि दुपारी ताटावर कुणीतरी हळूच विचारतं, ‘तुम्ही मूळचे कोण?’ मूळचे! पणजा नगरकडच्या महारवाड्यातला. बाप्तिस्मा झाला, वाडा तोच राहिला. गाव आम्हाला जुन्याच नावानं हाक मारत राहिलं. सरकारनं मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलं, हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही. १९५६ ला शीख आत घेतले, १९९० ला बौद्ध. आम्ही दाराबाहेर. पणज्याच्या भावाच्या पोरांनी नागपूरला दीक्षा घेतली. त्यांच्या नातवाला दाखला मिळतो, मला नाही. रक्त एकच, शिव्याही त्याच.

चर्चमध्ये म्हणतात, ख्रिस्तात जात नसते. सोयरीक जुळवताना मात्र असते! आणि तुम्ही? तुमच्यातलेच काही म्हणतात, गळ्यातला क्रूस काढ, मग बोल. नाही काढणार. बाबासाहेबही नाही सोडणार.

अरविंद निर्मल आपल्याच मराठी मुलखातले. त्यांनी १९८१ साली बंगलोरच्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयात उभं राहून शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाची गोष्ट काढली. आमच्या वर्गात त्यांचं नाव शेवटच्या तासाला येतं, तेही घंटा झाल्यावर.

सर म्हणतात, तोल सांभाळ. ज्याच्या दोन्ही खांद्यांवर ओझं, त्याला तोल शिकवायचा?

रविवारी माझा पहिला उपदेश आहे. निर्गम, पाचवा अध्याय घेतलाय. फारो गवत देत नाही, विटा मात्र तेवढ्याच मागतो. समोरच्या बाकांवर वीटभट्टीवरच्या बाया बसलेल्या असतील.