गळका बंब : डाक द्यावा की नवं साधन घ्यावं?



पिकाची, खताची, जनावरांची चर्चा आपण नेहमीच करतो. आज जरा घरात, म्हणजे न्हाणीत डोकावू. थंडी पडली की सगळ्या घराची पहाट एका वस्तूवर अवलंबून असते. ती वस्तू म्हणजे पाणी तापवायचा बंब. आणि हा बंब गळायला लागतो तोही नेमका पौषातच! मग घाईघाईनं बाजारात जायचं, दुकानदार दाखवील ते घेऊन यायचं आणि पुढं वर्षभर पस्तावायचं. असं होऊ नये म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट, बंब खरोखर कुठं गळतो ते बघा. बंब रिकामा करून कोरडा पुसा. विस्तव न घालता पाण्यानं भरा आणि रात्रभर तसाच ठेवा. खाली कोरडी राख पसरा. सकाळी राख कुठं भिजली ते दिसेल. तोटीखाली भिजली असेल तर दुखणं किरकोळ आहे. तोटीचं वायसर बदला, नाहीतर तोटीच बदला. बुडाच्या सांध्याखाली भिजली असेल तर तांबटाकडून डाक देऊन घ्या. पण मधल्या नळीतून पाणी जाळीवर ठिबकत असेल, तर गोष्ट निराळी. ही नळी रोज जाळ सोसते. आतून पत्रा झिजून पातळ होतो. एका ठिकाणी डाक दिला की महिन्याभरात शेजारी दुसरं भोक पडतं. विस्तव पेटवल्यावर आतून चुरचुर आवाज येत असेल, राख ओलसर निघत असेल, तर नळी गेली असं समजा. नुसता डाक नको. नळी नवी बसवून मिळते का ते विचारा. नाहीतर बंब मोडीत द्या.

आणि डाक टिकत नाही याचा दोष दर वेळी तांबटाला देऊ नका. कथलाचा साधा डाक दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या आसपास वितळतो. बंबात पाणी आहे तोवर पत्रा एवढा तापत नाही. पण पाणी तळाला गेलं आणि जाळ चालूच राहिला, तर सांधा सुटलाच म्हणून समजा. म्हणून आधी पाणी, मग विस्तव. आणि काढलं तेवढं लगेच वर ओतायचं. घरातल्या लेकरांनाही हा नियम पाठ असू द्या.

तांब्याचा बंब मोडीत देताना वजन आपल्या समोर करून घ्या. जुन्या तांब्याला चांगला भाव येतो, तो नव्या खरेदीत वळता होतो. नवा बंब घेताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. तांब्याला आणि पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला, तर वर तांब्याचा नुसता मुलामा आहे आणि आत लोखंड आहे. पत्र्याचा बंब स्वस्त पडतो, पण गंजतो आणि त्याला मोडही फारशी येत नाही.

आता हिशेब करू. घरात पाच माणसं, माणशी २० लिटरची एक बादली, म्हणजे १०० लिटर पाणी. हिवाळ्यात पाणी २० अंशांवर असतं. ते ४५ अंशांवर न्यायचं. त्याला लागते २५०० किलोकॅलरी उष्णता. वीज वापरली तर झाले जवळजवळ ३ युनिट. रोजचे ३, महिन्याचे ९०. युनिटचा दर समजा ८ रुपये धरला, तर महिन्याला ७२० रुपये. शिवाय घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि पुढच्यांचा जास्त असतो. दिवे-पंख्यांच्या जोडीला हे ९० युनिट आले की बिल वरच्या टप्प्यात जातं. आपल्या बिलावरचा दर बघून हाच गुणाकार घरी करा.

लाकडाचा हिशेबही असाच. एक किलो वाळलेलं लाकूड सुमारे ३५०० किलोकॅलरी देतं. त्यातली तिसरा हिस्सा उष्णता पाण्याला मिळाली असं धरलं, तर रोज दोन-सव्वादोन किलो लाकूड लागेल. म्हणजे महिन्याला साठ-पासष्ट किलो. बांधावरच्या काटक्या, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या घरच्या असतील तर पैसा लागत नाही. पण त्या गोळा कोण करतं, फोडतं कोण, आणि पहाटे धुरात डोळे कोण चोळतं? बहुतेक घरी माउलीच! तिच्या मेहनतीला हिशेबात शून्य धरू नका.

आता थोडं आमच्या घरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचा बंब असाच ऐन थंडीत गळाला. घाईत मी विजेचा रॉड आणला. स्वस्त होता, किती आणि काय, काही विचारलं नाही. घरात अर्थिंग नव्हतं, बादली लोखंडी होती. तिसऱ्या दिवशी वहिनींनी पाणी तापलं का म्हणून बोट घालून पाहिलं आणि जोराचा झटका बसून त्या मागं पडल्या. पोरानं बटण बंद केलं म्हणून बचावल्या. हात दोन दिवस बधिर होता. आई मला एवढंच म्हणाली, “पन्नास वर्षं त्या बंबानं कुणाला चटकासुद्धा दिला नाही रे.” ते वाक्य अजून टोचतं. चूक रॉडची निम्मी आणि माझी निम्मी होती.

म्हणून सांगतो, रॉड घ्यायचाच तर आय.एस.आय. छापाचा, तीन पिनांचा घ्या. अर्थिंग आधी तपासा. बादली प्लॅस्टिकची, चांगली जाड घ्या आणि रॉड तिला टेकू देऊ नका. पाणी खुणेपर्यंत हवं. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात. १५०० वॅटच्या रॉडला एक बादली तापवायला साधारण २५ मिनिटं लागतात. पाच बादल्यांना दोन तास! म्हणजे रॉड एका-दोघांच्या घराला ठीक, खटल्याच्या घराला नाही.

विजेचा गीझर घेण्याआधी छपरावर टाकी आहे का ते बघा. वरून पाण्याचा दाब नसेल तर गीझर चालत नाही. २००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट, जाड वायर आणि अर्थिंग लागतं. दिव्याच्या वायरीवर तो जोडू नका. गळतीवर ताबडतोब बंद पडणारा, ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच बसवा. जुना गीझर ठिबकत असेल, तर पाणी सुरक्षा व्हॉल्व्हमधून येतं की टाकीतून ते आधी बघा. तापताना व्हॉल्व्हमधून चार थेंब पडणं हे त्याचं कामच आहे. तो खिळा ठोकून बंद करू नका, टाकी फुटेल. मात्र टाकीच गंजून गळत असेल तर डागडुजीवर पैसा घालवू नका.

गॅसचा गीझर पाणी पटकन तापवतो, पण बंद न्हाणीत तो काळ ठरू शकतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, चक्कर येते आणि आतल्या आत माणूस बेशुद्ध पडतो. तेव्हा गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त नळ आत घ्या. आपला बंबही याला अपवाद नाही. दार-खिडकी लावून आत पेटता बंब ठेवून अंघोळ करू नका. कोळसा तर आत मुळीच नको.

राहिला सूर्यबंब. एकदा खर्च केला की इंधन फुकट. स्वच्छ उन्हात पाणी ६० अंशांपर्यंत तापतं आणि टाकी चांगली असेल तर सकाळपर्यंत गरम राहतं. पण तीन गोष्टी बघा. पहिली जागा: तोंड दक्षिणेला हवं आणि वर झाडाची सावली नको. दुसरी छप्पर: १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो वजन, वर सांगाडा वेगळा. पत्र्यावर किंवा कौलांवर ते ठेवू नका. स्लॅब नसेल तर अंगणात भक्कम चौथरा बांधा. गार पाण्याची टाकी मात्र त्याहून उंच हवी. तिसरी गोष्ट पाणी: तुमच्या बोअरच्या पाण्यानं भांड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो का? धरत असेल, तर तोच थर सूर्यबंबाच्या नळ्यांत बसणार. क्षारयुक्त पाण्यासाठी कोणता प्रकार आहे, नळ्या साफ करून कोण देणार, हे पावतीवर लिहून घ्या. काचेच्या नळ्या रिकाम्या असताना भर दुपारी गार पाणी सोडू नका, त्या तडकतात. आणि श्रावणातल्या ढगाळ दिवसांत सूर्यबंब रुसतो, हेही लक्षात ठेवा.

दावणीला जनावरं आहेत आणि शेणगॅस आहे, तर आधी तोच वापरा. सुमारे एक घनमीटर गॅसमध्ये या १०० लिटर पाण्याचं काम होतं. मात्र स्वयंपाकाला पुरून उरला तरच.

आता निवड कशी करायची? टाकी नाही, वीज बेभरवशाची, काटक्या घरच्या: चांगला तांब्याचा बंब. माणसं दोनच आणि अर्थिंग पक्कं: रॉड किंवा लहान गीझर. माणसं जास्त, स्लॅब आणि ऊन दोन्ही आहे: सूर्यबंब, आणि ढगाळ दिवसांसाठी जुना बंब जोडीला.

आमच्या घरी शेवटी हेच केलं. बंबाला नवी नळी बसवली आणि तो न्हाणीतून पडवीत आणला. अंगणात चौथऱ्यावर सूर्यबंब उभा केला. वहिनी आता पहाटे तासभर उशिरा उठतात. आईला मात्र अजून बंबाचंच पाणी लागतं. ते आम्ही तिला रविवारी देतो.

तर मंडळी, बंब गळायची वाट बघू नका. दिवाळीआधी एक रात्र राख पसरून बघा. घाईत घेतलेली वस्तू स्वस्त मिळते, पण महागात पडते.