नोकरीचा बायोडाटा आणि आपली मुले
(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी नोकरीसाठी, इंटर्नशिपसाठी बायोडाटा कसा लिहावा, असा विषय मला दिलेला आहे. तुम्ही म्हणाल, गिरणीत साच्यावर उभं राहिलेल्या माणसाला यातलं काय कळतं? खरं आहे. पण वस्तीतली मुलं हे कागद मला दाखवायला आणतात. ते वाचून मला जे दिसलं तेवढंच सांगतो.

आमच्या आधीच्या पिढीला गिरणीत काम लागायचं ते जॉबरच्या शब्दावर. कागद लागत नव्हता, ओळख लागत होती. आणि ओळख असली तरी विणकाम खात्याचं दार आपल्या माणसाला बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई. आज लोअर परळला कमला मिलच्या आवारात काचेची ऑफिसं आहेत. तिथं तुमच्या आधी तुमचा कागद आत जातो. वाचणाऱ्यापुढे तसे ढीगभर कागद असतात. तो एक नजर टाकतो आणि पुढचा उचलतो. त्या एका नजरेत काय सापडणार, एवढाच प्रश्न आहे.

मागे बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. झेरॉक्सच्या दुकानातून बायोडाटा करून आणला होता. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ आणि खाली तीन ओळी जडजड इंग्रजी, की मला आव्हानात्मक पद हवे, कंपनीच्या प्रगतीत माझी प्रगती व्हावी, वगैरे. हाच मजकूर मी आधी चार मुलांच्या कागदावर वाचला होता, स्पेलिंगच्या चुकीसकट! मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, अविवाहित. छंद, वाचन आणि गाणी ऐकणे. आणि अनुभव या शब्दापुढे ‘निल’.

मी विचारलं, “बाळ, संध्याकाळी काय करतेस?” म्हणाली, “काही नाही काका, शिकवण्या घेते.” किती मुलं? अकरा. किती वर्षं झाली? तीन. शिवाय आईच्या बचत गटाची वही तीच लिहिते. बँकेत भरणा तीच करते. कुणाचा हप्ता थकला ते तिला तोंडपाठ. आणि ही पोरगी अकाउंट्सचं काम मागायला निघाली होती, अनुभव निल लिहून!

हे तिच्या एकटीचं नाही. पगाराची पावती नाही म्हणजे ते काम नव्हे, असं आपल्या मुलांना वाटतं. ज्यांच्या घरात दोन पिढ्या ऑफिसात गेल्या, त्यांचा मुलगा कॉलेजच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडतो आणि ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ लिहितो. तसं फुगवायला मी सांगत नाही. पण जे खरंच केलं तेही आपण कोरं ठेवतो, आणि त्या कोऱ्या जागेवरून समोरचा ठरवतो की याला काही येत नाही.

आम्ही दोघांनी बसून तो कागद पुन्हा लिहिला. ‘शिकवण्या’ एवढंच न लिहिता लिहिलं, ‘तीन वर्षांपासून पाचवी ते आठवीच्या 11 विद्यार्थ्यांना गणित शिकवते.’ ‘बचत गटाला मदत’ असं मोघम नको. ‘14 महिलांच्या गटाचा दरमहाचा जमाखर्च लिहिते, बँकेच्या पासबुकाशी ताळा घालते.’ काय केलं, किती, किती दिवस. कुणी सकाळी पेपरची लाइन टाकतो, कुणी मामाच्या दुकानात स्टॉक मोजतो, कुणी जयंतीच्या वर्गणीचा हिशोब ठेवतो. लिहा. इंग्रजीत लिहायचं तर साध्या इंग्रजीत लिहा. तो ‘ऑब्जेक्टिव्ह’ काढूनच टाका.

बाकीचं थोडक्यात. एकच पान. शिक्षण लिहिताना आत्ताचं वर, दहावी खाली. ‘कॉम्प्युटर नॉलेज’ म्हणजे काहीच नाही. टॅलीत व्हाउचर एंट्री येते का, एक्सेलमध्ये बेरजेचं सूत्र घालता येतं का, ते लिहा. येत नसेल तर लिहू नका, मुलाखतीत तेच विचारतात. मोठ्या कंपन्यांत आधी कॉम्प्युटर अर्ज चाळतो. त्याला चौकटी-नक्षी नीट वाचता येत नाही, म्हणून साधी मांडणी ठेवा आणि जाहिरातीतलं काम तुम्हाला येत असेल तर जाहिरातीतलाच शब्द वापरा. ई-मेल स्वतःच्या नावाचा हवा, ‘किलर बॉय’ नको. आधार नंबर त्या कागदावर घालू नका. आणि आयाबहिणींना विनंती, लग्नाचा बायोडाटा वेगळा! उंची, वर्ण, मामाचं गाव यांचं ऑफिसात काम नाही.

आता जे काही आया मला बाजूला घेऊन विचारतात ते. “भाऊ, आडनाव लिहायचं का?” हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी याचा अभ्यास केला, तो 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला. खाजगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक नावाचा. दलित आडनावाला बोलावणं येण्याचं प्रमाण सवर्ण आडनावाच्या सुमारे दोनतृतीयांश निघालं. मुस्लिम नावाला तर एकतृतीयांश. हे खोटं बोलून उडवून लावता येत नाही.

माझं मत असं. आडनाव सर्टिफिकेटवर आहे तसंच लिहावं. लपवलं तर कागदपत्रं दाखवायच्या दिवशी मूल मान खाली घालून उभं राहतं, आणि ते मला मान्य नाही. पण धर्म-जातीचे रकाने आपण होऊन कशाला भरायचे? राखीव जागा असेल तिथं त्यांच्या फॉर्ममध्ये जातीच्या दाखल्यासह भरायचे, बायोडाटात नाही. आणि दोनतृतीयांश असेल तर ज्याला दहा अर्ज पुरतात, त्याच्या जागी आपल्याला पंधरा करावे लागतील. हा अन्याय आहे, त्याविरुद्ध बोलायचंच. पण अर्ज मात्र पंधरा टाकायचे.

कुठं टाकायचे? 1961 च्या अॅप्रेंटिस कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून इंजिनिअरिंग सोडून इतर पदवीधरांनाही विद्यावेतनावर घेता येतं. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. आपल्या बी. ए.च्या मुलांना हे कुणी सांगतच नाही. मात्र नोकरी देतो म्हणून आधी ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागणारा भेटला तर तिथून उठून या.

त्या मुलीला एका सी. ए.च्या ऑफिसात तीन महिन्यांचं काम मिळालं. पैसे फार नाहीत. पण पुढच्या कागदावर आता एक ओळ वाढली.

शेवटी इथं बसलेल्या बँकेतल्या, महापालिकेतल्या, कंपनीतल्या मंडळींना सांगतो. तुमच्या ऑफिसात जागा निघते तेव्हा तुम्हाला आधी कळतं. ते इथल्या फळ्यावर लिहा. दर रविवारी संध्याकाळी सहाला मी खालच्या खोलीत बसतो. माझं इंग्रजी तोकडं आहे, तुमच्यापैकी दोघं तरी सोबत बसा. मुलांनी येताना छापलेला कागद आणू नये, कोरी वही आणि पेन आणावं.