हौस आणि निष्ठा
(हीरक महोत्सवी वर्षातील क्रीडा पारितोषिक वितरणप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आज मी तुम्हांला एका दूरदेशीच्या खेळाडूची ओळख करून देणार आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८६७ साली क्वीन्स पार्क हा फुटबॉल संघ स्थापन झाला. ‘खेळावे ते खेळासाठीच’ या अर्थाचे लॅटिन वचन हे त्याचे ब्रीद. इतर संघ खेळाडूंना वेतन देऊ लागले, तरी या संघाने सुमारे दीडशे वर्षे आपला हौशी बाणा जपला. १९१३ साली ॲलन मॉर्टन नावाचा वीस वर्षांचा तरुण या संघात दाखल झाला.

उंची अवघी पाच फूट चार इंच. व्यवसायाने खाण अभियंता. पोटापाण्यासाठी खाणकाम आणि मनासाठी मैदान, असा त्याचा क्रम होता. तळघराच्या दाराला पडलेल्या भोकातून चेंडू अचूक पार करण्याचा सराव तो लहानपणी तासन्‌तास करीत असे, असे सांगतात. सात वर्षे तो एक छदामही न घेता खेळला आणि हौशी खेळाडू असतानाच १९२० साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघात निवडला गेला.

त्याच वर्षी तो रेंजर्स या व्यावसायिक संघात गेला. परंतु अभियंत्याचे काम त्याने सोडले नाही. पुढे ३१ मार्च १९२८ रोजी वेम्बली येथे स्कॉटलंडने इंग्लंडचा ५-१ असा पराभव केला. त्या दिवशी ॲलेक्स जॅक्सनने तीन गोल केले. त्यांसाठी डाव्या बगलेवरून चेंडू पुरविणारा मॉर्टनच होता. गोलफलकावर मात्र त्याचे नाव नव्हते.

मित्रहो, ‘हौशी’ हा शब्द आपण कधी कधी हलक्या अर्थाने वापरतो. मॉर्टनची हौस मात्र शिस्तीने तावून सुलाखून निघालेली होती. परप्रांतात मराठी माध्यमाची शाळा चालविणाऱ्या आपल्यालाही ‘या भाषेने पदरात काय पडणार?’ असा प्रश्न वारंवार विचारला जातो. आपले काही गुणी विद्यार्थी मधूनच दुसऱ्या माध्यमाकडे जातात. वर्गातील रिकामा बाक पाहून मन खिन्न होते, हे मी नाकारीत नाही. तथापि, मॉर्टन गेला म्हणून क्वीन्स पार्कने मैदानाला कुलूप लावले नाही. जाणाऱ्याला दोष न देता त्याने पुढच्या मुलाच्या पायाशी चेंडू ठेवला.

आपणही तेच करू या. जाणाऱ्यांना आशीर्वाद देऊ, राहणाऱ्यांना मन लावून घडवू. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा उभी केली, त्यांनीही लाभाचा हिशेब मांडला नव्हता. आज बक्षीस मिळालेल्यांचे अभिनंदन. आणि ज्यांच्या अचूक पासामुळे दुसऱ्याचा गोल झाला, त्यांचे विशेष अभिनंदन!