पाचवे शील आणि मोबाइलवरील खेळ



दीक्षेच्या वेळी घेतलेले पाचवे शील केवळ दारूपुरते समजू नका. त्याच्या पालि वचनात ‘पमादट्ठान’ हा शब्द आहे. म्हणजे बेसावधपणाचे कारण. रात्रभर मोबाइलवर खेळणारा मुलगा वर्गात पेंगतो, भरल्या ताटावरून उठतो, आईवर खेकसतो. हा प्रमादच होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा अनावर खेळण्याची गणना विकारांत केली.

२०२५ साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. परंतु वकील म्हणून सांगतो, फुकटचा खेळ मुलाचे तास गिळतो, तेथे हा कायदा पोहोचत नाही. ते काम घराचे आहे. ज्या शाळेचे दार आपल्या पूर्वजांना बंद होते, तेथे आपले मूल झोपी जावे काय? आजपासून सायंवंदनेला सर्वांचे मोबाइल बाजूस ठेवा, प्रथम वडिलांचा.

जय भीम!